जबाब घ्यायला शिकवणारे पाच दिवस : अंतर्गत चौकशी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गाविषयी अभिप्राय

शासकीय यंत्रणेत कर्मचाऱ्यांच्या गैरवर्तनाची अंतर्गत चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला या कामाचे रीतसर शिक्षण क्वचितच मिळते. बहुतेक जण माझ्याप्रमाणे दुसऱ्या शाखेतून बदलून येतात, कपाटातल्या जुन्या नस्त्या वाचून काढतात, आधीचा अधिकारी जसे जबाब घेत असे तसेच घेऊ लागतात आणि त्याच्या चुकाही नकळत पुढे चालवतात. या कामात नऊ वर्षे काढल्यानंतर मला एका खासगी प्रशिक्षण संस्थेच्या पाच दिवसांच्या निवासी वर्गाला पाठवण्यात आले. वर्ग संपून आठ महिने झाले आहेत आणि त्यानंतर मी सहा चौकशा पूर्ण केल्या आहेत, त्यामुळे तिथे शिकवलेल्यापैकी काय कामाला आले आणि काय आले नाही, हे आता अनुभवावरून सांगता येईल. संस्थेचे नाव मी देणार नाही. वर्गात आम्ही चोवीसच जण होतो. नावावरून माझे कार्यालय आणि कार्यालयावरून माझ्या चौकशांमधली माणसे ओळखू येण्याची शक्यता आहे. असे वर्ग अनेक संस्था घेतात आणि त्यांची माहितीपत्रके एकसारखीच दिसतात, म्हणून वर्ग निवडताना नेमके काय विचारावे हे कुणाला तरी यातून कळावे, अशी माझी इच्छा आहे.

पहिला दिवस कायद्याचा होता. कलमांची यादी वाचून दाखवली जाईल अशी माझी समजूत होती, ती चुकीची निघाली. शिकवणाऱ्या बाईंनी दोनच निकाल घेतले आणि त्यांवर पूर्ण सकाळ खर्च केली. पहिला इंग्लंडमधील रिज विरुद्ध बाल्डविन. ब्रायटनच्या मुख्य पोलीस अधिकाऱ्याला १९५८ मध्ये त्याची बाजू ऐकून न घेता पदावरून काढण्यात आले होते आणि १९६३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्‌सने, ती बडतर्फी अवैध ठरवली. दुसरा अमेरिकेतील गॅरिटी विरुद्ध न्यू जर्सी, १९६७ चा. वाहतुकीच्या दंडपावत्यांत फेरफार केल्याचा संशय असलेल्या पोलिसांना 'उत्तर दिले नाही तर नोकरी जाईल' असे सांगून त्यांचे जबाब घेण्यात आले होते. अशा दबावाखाली दिलेला जबाब फौजदारी खटल्यात त्यांच्याविरुद्ध वापरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. हे निकाल आपल्याला बंधनकारक आहेत की नाहीत हा मुद्दाच नव्हता. सेवाशर्तींनुसार कर्मचाऱ्याला वरिष्ठांच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, तर गुन्ह्याच्या आरोपीला गप्प राहण्याचा हक्क असतो, आणि एकच कृत्य गैरवर्तनही असेल आणि गुन्हाही असेल तेव्हा हे दोन नियम एकाच खुर्चीवर बसलेल्या माणसाला लागू होतात. तो पेच त्या सकाळी मला पहिल्यांदा स्वच्छ दिसला. नऊ वर्षांत तो मला कुणी दाखवला नव्हता आणि मीही कुणाला विचारला नव्हता, याचे वाईट वाटले.

दुपारी आम्हाला प्रत्येकी एक कोरे कार्ड देण्यात आले. समोरच्या व्यक्तीला पहिला प्रश्न विचारण्याआधी आपण काय सांगणार, ते त्यावर स्वतःच्या शब्दांत लिहायचे होते : मी कोण, ही चौकशी कोणत्या नियमाखाली आहे, तुम्ही साक्षीदार म्हणून बोलावलेले आहात की तक्रार तुमच्याविरुद्ध आहे, सोबत कुणाला आणता येईल, तुम्ही जे सांगाल त्याचे पुढे काय होईल. माझे पहिले लेखन बाईंनी मोठ्याने वाचायला लावले आणि मग शेजारी बसलेल्या सहप्रशिक्षणार्थीला विचारले, "यातून तुम्हाला काय कळले?" त्यांना काहीच कळले नव्हते. माझी वाक्ये परिपत्रकातली होती. ते कार्ड मी चार वेळा लिहिले. आज माझ्या टेबलाच्या खणात त्याच कार्डाची प्रत आहे आणि प्रत्येक जबाबाच्या आधी मी ती समोर ठेवून वाचते. माझ्या दृष्टीने या वर्गाने दिलेली ही सर्वांत उपयोगी वस्तू आहे.

दुसऱ्या दिवसाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण पूर्ण वर्गाचे मोल त्या दिवसात आहे. विषय होता प्रश्न विचारण्याचा. इंग्लंडमध्ये १९७४ च्या बॉम्बस्फोटांनंतर गिल्डफर्ड आणि बर्मिंगहॅम येथील प्रकरणांत निरपराध माणसांकडून कबुलीजबाब घेतले गेले आणि ती माणसे अनुक्रमे १९८९ आणि १९९१ पर्यंत तुरुंगात राहिली. या आणि अशा प्रकरणांनी पोलिसी चौकशीच्या पद्धतीवरचा विश्वास ढासळला, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी तिथे जबाब घेण्याची नवी पद्धत आखली गेली. तिच्या पाच पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'पीस' म्हणतात. आधी तयारी, मग समोरच्या व्यक्तीशी संवाद जुळवून प्रक्रिया समजावणे, मग तिचे कथन तिच्या शब्दांत ऐकून त्यातल्या विसंगती विचारणे, मग समारोप, आणि शेवटी जे मिळाले त्याचे मूल्यमापन. कबुली मिळवणे हे यात उद्दिष्टच नाही. विश्वासार्ह माहिती मिळवणे हे उद्दिष्ट आहे. हे वाक्य कागदावर सोपे दिसते. पण जिच्या कामाचे मूल्यमापन 'किती प्रकरणांत दोष सिद्ध झाला' या रकान्यावरून होत आले आहे, तिला ते पचायला वेळ लागतो.

त्यानंतर एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग सांगण्यात आला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या चित्रफिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला गेला; प्रश्नातले क्रियापद तेवढे बदलले. ज्यांना गाड्या 'जोरात आदळल्या' तेव्हा वेग किती होता असे विचारले त्यांनी सरासरी सुमारे ४१ मैल सांगितला, आणि ज्यांना गाड्यांचा 'स्पर्श झाला' तेव्हा किती होता असे विचारले त्यांनी सुमारे ३२ मैल. त्याच संशोधनातल्या दुसऱ्या प्रयोगात, आठवड्यानंतर, 'जोरात आदळल्या' हा शब्द ऐकलेल्यांपैकी अधिक जणांना फुटलेल्या काचा पाहिल्याचे आठवले. चित्रफितीत काचा नव्हत्याच. हे ऐकताना मला माझे जुने जबाब आठवत होते. 'पैसे घेतले तेव्हा खोलीत कोण होते?' असा प्रश्न मी साक्षीदाराला विचारलेला आहे. पैसे घेतले गेले होते की नाही, हेच तर मला शोधायचे होते.

सैद्धांतिक भाग संपल्यावर प्रत्यक्ष सराव होता. एक व्यावसायिक अभिनेता लिपिकाच्या भूमिकेत समोर बसला. त्याने एक धनादेश वेळेवर जमा केला नाही, अशी तक्रार होती. मला पंचवीस मिनिटे दिली होती आणि सगळे ध्वनिमुद्रित होत होते. संध्याकाळी ते मुद्रण मला एकटीला ऐकवण्यात आले आणि हातात पेन देऊन, मी समोरच्याचे बोलणे जिथे तोडले तिथे रेघ मारायला सांगितले. अकरा रेघा झाल्या. सातव्या रेघेच्या ठिकाणी तो म्हणत होता, "त्या दिवशी साहेबांनी मला...", आणि मी मध्येच विचारले होते, "म्हणजे धनादेश तुमच्याकडेच होता ना?" साहेबांनी काय केले होते, ते त्याने पुढे कधीच सांगितले नाही, कारण मी पुन्हा तिकडे गेलेच नाही. त्याच्या भूमिकेच्या कागदावर लिहिले होते की साहेबांनी तो धनादेश दोन दिवस स्वतःकडे ठेवून घेतला होता. दुसऱ्या फेरीत मला सांगितले गेले की उत्तर संपल्यावर मनात सातपर्यंत मोजायचे आणि मगच बोलायचे. चौथ्या-पाचव्या आकड्याला समोरचा माणूस बहुतेक वेळा आपणहून पुढे बोलू लागतो. ही सवय मला लागली आहे, आणि माझे जबाब आता पूर्वीच्या दुप्पट लांबीचे होतात. टंकलेखनाचे काम वाढल्याची तक्रार शाखेत आहे, ती मी मान्य करते.

तिसऱ्या दिवशी कागदोपत्री आणि संगणकीय पुरावा होता. संगणकातील फाइल ताब्यात घेताना तिची हॅश किंमत (फाइलमध्ये जरासाही बदल झाला तर बदलणारी तिची संगणकीय ओळख) नोंदवणे, मूळ माध्यमावर काम न करता प्रतीवर करणे, पुरावा कोणाकडून कोणाकडे कधी गेला याची अखंड नोंद ठेवणे, हे सर्व व्यवस्थित पण घाईत शिकवले गेले. ज्यांना हे आधीच येते त्यांना त्यात नवे काही मिळणार नाही. दुपारनंतर मात्र ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचे प्रकरण घेतले, आणि वर्गात पहिल्यांदाच कुणी घड्याळाकडे पाहिले नाही. १९९९ पासून तिथल्या टपाल शाखांत 'होरायझन' ही हिशेबाची संगणक प्रणाली आली. तिच्यातील दोषांमुळे शाखांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली, आणि १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक शाखाचालकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांसाठी दोषी ठरवले गेले. यांतील बहुसंख्य खटले सरकारी मालकीच्या पोस्ट ऑफिसने आपल्याच चौकशी अधिकाऱ्यांच्या तपासावर आणि स्वतःच फिर्यादी होऊन चालवले होते. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणाली सदोष असल्याचे नोंदवले, एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा एकदम रद्द केली आणि २०२४ मध्ये उरलेल्यांसाठी संसदेला कायदाच करावा लागला. दरम्यान माणसे तुरुंगात गेली होती, दिवाळखोर झाली होती, आणि काही जण निर्दोषत्व सिद्ध होण्याआधीच मरण पावले होते.

प्रशिक्षकांनी यावर मोठे भाषण केले नाही. त्यांनी फळ्यावर दोन प्रश्न लिहिले : 'पैसे कुठे गेले?' आणि 'पैसे गेले का?' मग आम्हाला आमच्या चालू असलेल्या एका प्रकरणाचा, नावे वगळून, पहिला प्रश्न लिहायला सांगितला. चोवीसपैकी एकोणीस जणांचा प्रश्न पहिल्या प्रकारचा निघाला. माझाही.

चौथ्या दिवसाबद्दल माझी गंभीर तक्रार आहे. त्या दिवशी बाहेरून आलेल्या एका व्याख्यात्यांनी दीड तास देहबोली शिकवली : नाकाला हात लावणे, नजर उजवीकडे वर जाणे, पाय हलवणे ही खोटे बोलण्याची लक्षणे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. आदल्याच दिवशी याच वर्गात आम्हाला चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांचे २००६ चे संशोधन सांगितले होते. त्यात शेकडो प्रयोगांची छाननी करून दिसले होते की माणसे खोटे आणि खरे वेगळे ओळखण्यात सरासरी ५४ टक्केच यशस्वी होतात, म्हणजे नाणे उडवण्याहून किंचित बरी. एकाच वर्गात दोन परस्परविरोधी गोष्टी शिकवल्या जातात तेव्हा प्रशिक्षणार्थी आपल्याला आवडणारी गोष्ट घेऊन जातो, आणि 'मी चेहरा पाहून ओळखते' ही गोष्ट प्रत्येकाला आवडते. चहाच्या सुट्टीत दोन तरुण अधिकारी नजरेच्या दिशांची आकृती वहीत काढून घेत होते. त्यांच्या समोर पुढे कुणीतरी घाबरलेला, कधी कार्यालयाबाहेर बोलावणे न आलेला शिपाई बसणार आहे आणि तो घाबरून नाकाला हात लावणारच आहे. मी आयोजकांना त्याच दिवशी लेखी कळवले की हे व्याख्यान कार्यक्रमातून काढावे. तीन आठवड्यांनी उत्तर आले की सूचनेची नोंद घेतली आहे. पुढच्या वर्गाच्या माहितीपत्रकात ते व्याख्यान अजून आहे.

पाचव्या दिवशी अहवाल लेखनाला दोन तास दिले, ते फार कमी आहेत. चौकशी कितीही चांगली झाली तरी निर्णय घेणारा अधिकारी फक्त अहवाल वाचतो, आणि अहवालात आरोप, पुरावा आणि निष्कर्ष यांची सांगड कशी घालावी, विरोधी पुरावा कुठे मांडावा, दोष सिद्ध होण्याला 'संभाव्यता अधिक' एवढे पुरत असले तरी नोकरीच जाऊ शकेल अशा आरोपात पुरावा किती भक्कम हवा, यांवर प्रत्यक्ष लिहून सराव व्हायला हवा होता. आम्हाला एक नमुना अहवाल दाखवण्यात आला आणि तो चांगला होता, पण चांगला अहवाल वाचून चांगला अहवाल लिहिता येत नाही.

आता परत आल्यानंतरचे सांगते. माझ्याकडे पहिले प्रकरण आले ते एका ज्येष्ठ लिपिकाचे. सकाळी हजेरी लावून दुपारनंतर कार्यालयातून निघून जातात, अशी त्यांच्याविरुद्ध तक्रार होती, आणि सोबत प्रवेशद्वाराच्या कार्ड-यंत्राच्या तीन महिन्यांच्या नोंदी होत्या : एकतीस दुपारी बाहेर गेल्याची नोंद, परत आत आल्याची एकही नाही. पूर्वी मी त्यांना विचारले असते, 'दुपारी कुठे जात होता?' या वेळी खणातले माझे कार्ड वाचून दाखवले, तक्रार काय आहे ते सांगितले, आणि म्हटले, "मधल्या सुट्टीनंतर तुमचे काम कसे चालते, ते मला सुरुवातीपासून सांगा." ते चौदा मिनिटे बोलले. मध्येच एकदा थांबले तेव्हा मी मोजत राहिले, आणि ते म्हणाले, "गाडी घेऊन मागच्या दाराने जावे लागते हो, पुढून ती येत नाही." ही गाडी म्हणजे नस्त्या वाहून नेण्याची हातगाडी. मी उठून त्यांच्यासोबत मागच्या दाराशी गेले. दाराखाली लाकडी पाचर ठोकलेली होती. तिच्याभोवती जमिनीवर इतकी धूळ साचली होती की पाचर उचलल्यावर खाली तिचा स्वच्छ त्रिकोण राहिला. हे दार कित्येक महिने बंदच झाले नव्हते, त्यामुळे त्याच्या शेजारचे कार्ड-यंत्र कुणी वापरण्याचा प्रश्नच नव्हता. अभिलेख कक्षातील नस्ती-हालचाल नोंदवहीत एकतीसपैकी एकोणतीस दुपारी त्यांची वेळेसह आद्याक्षरे होती. उरलेल्या दोन दिवशी त्यांची अर्ध्या दिवसाची रजा मंजूर होती. यंत्राने जे नोंदवले ते खरे होते, पण जे घडले ते सगळे यंत्राने नोंदवलेले नव्हते. तिसऱ्या दिवसाची ती दुपार नसती तर मी मागच्या दारापर्यंत गेले असते, असे मला खात्रीने म्हणता येत नाही.

म्हणून हा वर्ग घ्यावा असेच मी सांगेन, विशेषतः ज्यांनी या कामात दोन-तीन वर्षे काढली आहेत त्यांनी. अगदी नव्या माणसाला आपल्या चुका कोणत्या हेच अजून माहीत नसते. निवड करताना सराव किती मिनिटांचा आहे आणि त्याचे ध्वनिमुद्रण ऐकवले जाते का, हे आधी विचारावे. चोवीस जणांमागे तीनच अभिनेते असल्याने आम्हाला प्रत्येकी दोनच फेऱ्या मिळाल्या, त्या अपुऱ्या होत्या. देहबोलीचे सत्र असेल तर त्या वेळेत आपली टिपणे पुन्हा वाचावीत.

वर्गाची सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. सगळा अभ्यासक्रम असे धरून चालतो की चौकशी करणारा बाहेरून येतो, काम संपवतो आणि निघून जातो. अंतर्गत चौकशी करणाऱ्याला जाण्यासाठी दुसरी जागा नसते. ज्याचा जबाब घेतला त्याच्याच मजल्यावर ती बसते, ज्या प्रमुखाला अहवाल द्यायचा तोच तिचा गोपनीय अहवाल लिहितो, आणि तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त राहावे म्हणून तिला रोजच्या ओळखीच्या माणसांशी मोजून बोलावे लागते. तक्रारदारावर सूड उगवला जात असेल तर तो ओळखायचा कसा, वरिष्ठांनी 'हे जरा लवकर मिटवा' असे तोंडी सांगितले तर त्याची नोंद कशी करायची, आपल्या ओळखीच्या माणसाचे प्रकरण आले तर ते कोणत्या शब्दांत दुसऱ्याकडे सोपवायचे, यांवर पाच दिवसांत एक तासही नव्हता. मी प्रश्न विचारला तेव्हा 'ते तुमच्या कार्यालयाच्या धोरणावर अवलंबून आहे' असे उत्तर मिळाले.

आणि दोष नसल्याचे निष्पन्न झाले तर काय करायचे, हे कुणीच शिकवले नाही. आमच्याकडे प्रथा अशी की अहवाल वर जातो, नस्ती बंद होते, आणि संबंधित कर्मचाऱ्याला काहीच कळवले जात नाही. पुढे बोलावणे आले नाही यावरून त्याने समजून घ्यायचे असते. त्या लिपिकांच्या प्रकरणात मी प्रमुखांकडे लेखी परवानगी मागितली आणि ती मिळायला पाच आठवडे लागले. पत्र तीन ओळींचे होते : आपल्याविरुद्धच्या तक्रारीची चौकशी पूर्ण झाली आहे, आरोपात तथ्य आढळलेले नाही, आणि या चौकशीची कोणतीही प्रतिकूल नोंद आपल्या सेवापुस्तकात घेतली जाणार नाही. मी ते स्वतः नेऊन दिले. त्यांनी उभ्यानेच ते दोनदा वाचले, घडी घालून खिशात ठेवले, आणि थोड्या वेळाने माझ्या टेबलाशी परत येऊन विचारले की याची एक साक्षांकित प्रत मिळेल का, घरी दाखवायची आहे.